कठड्यावरून दिसणारी लढाई

पोस्टकार्डावर धुकं नाही. आकाश स्वच्छ, मोरपंखी निळं, क्षितिजाशी टेकताना जरा गुलाबी होत गेलेलं. डोंगराच्या टोकाला दगडी कठडा, कठड्याआड एक तोफ आणि पलीकडे खोल खाली नदीने घेतलेलं लांबलचक वळण. सगळं इतकं शांत की तोफ कुणीतरी कुंडीसारखी शोभेला आणून ठेवली असावी. मुंबईच्या फोर्ट भागात पदपथावर जुनी नाणी आणि तिकिटं घेऊन बसणाऱ्या एकाकडून मी काही टपाल तिकिटं घेतली, तेव्हा हे कार्ड त्याने वर टाकलं. 'ये भी रख लो.' मागची बाजू कोरी. कुणी कुणाला धाडलंच नाही.

खाली छापलंय, पॉइंट पार्क, लुकआउट माउंटन, टेनेसी. कार्ड शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीचं आहे. कोपऱ्यातल्या क्रमांकाची सुरुवात ६ए अशी आहे. या कंपनीच्या पद्धतीत ए म्हणजे १९३०चं दशक, त्यामुळे कार्ड १९३६चं. हाताला कापडासारखी वीण लागते. संग्राहक याला 'लिनन' कार्ड म्हणतात, पण आहे कागदच, त्यावर वीण फक्त उठवलेली. कृष्णधवल फोटो घ्यायचा, त्यावर कारागिरांनी रंग चढवायचे आणि ज्या दुकानदाराने हजारो कार्डांची मागणी नोंदवली त्याच्या सांगण्याप्रमाणे नको ते पुसायचं. विजेचे खांब जात, तारा जात, आकाश हवं तसं रंगे. म्हणजे हा फोटोही नाही आणि चित्रही नाही. कठड्यावर उभं राहिल्यावर जे दिसायला हवं असं गिऱ्हाइकाला वाटतं, ते हे.

हे कार्ड माझ्या टेबलावर काचेखाली आहे. आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर काचेचा पूल, एखाद्या खिंडीत पुतळा आणि सेल्फी पॉइंट अशी बातमी आली की माझी नजर त्याच्याकडे जाते. माझं म्हणणं साधं आहे. लढाईची जागा जपायची म्हणजे कठड्याखाली दिसणारी मोकळी जमीन जपायची. आपण जपतो तो कठडा. तोच वाढवतो, रंगवतो, त्याच्यावर दिवे सोडतो आणि समोरचं पटांगण हातचं जाऊ देतो.

या कार्डावरच्या डोंगराचीच गोष्ट घ्या. गुलामगिरीवरून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाला दोन दिवसांची भीषण लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून ३४,००० च्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले किंवा हाती लागले. हरलेलं उत्तरेचं सैन्य जवळच्या चॅटनूगा गावात येऊन अडकलं. दक्षिणेच्या ब्रॅगने भोवतालच्या उंचवट्यांवर ठाण मांडलं. एका अंगाला लांबट मिशनरी रिज, दुसऱ्या अंगाला लुकआउट माउंटन. गावातल्या सैन्याची उपासमार व्हायची वेळ आली. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरेचा सेनापती ग्रँट येऊन पोचला, रसदेची वाट मोकळी झाली आणि २४ नोव्हेंबरला त्याच्या हाताखालच्या हूकरची माणसं लुकआउटवर चढली.

त्या दिवशी डोंगराच्या अंगावर धुकं होतं. गावातून पाहणाऱ्यांना वर ढग दिसत होते आणि ढगांतून बंदुकांचे आवाज येत होते. उत्तरेच्या सैन्याचा पुरवठाप्रमुख माँटगोमेरी मेग्ज याने खालून पाहिलेल्या या देखाव्याला 'ढगांवरची लढाई' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. खरी झुंज ढगांवर, टोकावर झालीच नाही. ती झाली डोंगराच्या निम्म्यावर, क्रेव्हन्स नावाच्या माणसाच्या घराभोवतीच्या सपाटीवर. टोकावर दक्षिणेच्या तोफा होत्या, पण त्यांची तोंडं एवढी खाली झुकेनात की उतारावरून चढणाऱ्या शत्रूवर मारा करावा. वरच्यांना खालचं दिसत नव्हतं आणि जे दिसत नव्हतं त्यावर गोळाही टाकता येत नव्हता. रात्रीतून त्यांनी डोंगर सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे केंटकीच्या पलटणीतली मूठभर माणसं टोकावर चढून झेंडा लावून मोकळी झाली, तेव्हा तिथे लढायला कुणी नव्हतं.

म्हणजे माझ्या कार्डावरच्या कठड्याशी लढाई झाली नाही. पंचक्रोशीतल्या ज्या एका जागेवरून त्या दिवशी लढाई दिसलीही नसेल, ती ही जागा.

पुढे अध्यक्षपद उपभोगून झाल्यावर ग्रँट जगाच्या सफरीवर निघाला. (याच सफरीत, १८७९च्या फेब्रुवारीत, तो मुंबईलाही उतरला होता.) सोबतच्या वार्ताहराला त्याने सांगितलं की लुकआउट माउंटनची लढाई ही युद्धातली एक रम्य कहाणी आहे, लढाई म्हणावी असं तिथे काही घडलं नाही, ते सगळं काव्य आहे. ग्रँटचं हूकरशी फारसं बरं नव्हतं, त्यामुळे या बोलण्यातलं थोडं मीठ बाजूला काढावं. पण त्या दिवशी उत्तरेचे मेलेले आणि जखमी मिळून चारशेच्या आसपास होते, हे पाहिलं की चिकमॉगापुढे ही चकमकच ठरते. तरीही चिकमॉगापेक्षा पोस्टकार्डावर शोभून दिसतो तो लुकआउट, कारण चिकमॉगा म्हणजे सपाट, गचपणातलं रान. तिथे उभं राहून पाहायला काही नाही.

लढाईनंतर लगेच, त्याच हिवाळ्यात, लिन नावाच्या छायाचित्रकाराने या टोकावर दुकान थाटलं. सैनिक रजा काढून वर येत, कड्यावरून पुढे आलेल्या खडकावर बसत, दरीकडे तोंड करून फोटो काढून घेत आणि घरी धाडत. युद्ध अजून दीड वर्ष चालायचं होतं. या नजरेला मी दोष देत नाही. ज्याने महिनाभर अर्ध्या भाकरीवर काढला, त्याला वरून एकदा गावाकडे बघावंसं वाटणारच. पण पाहा, पोस्टकार्ड छापायच्या कितीतरी आधी त्याची चौकट ठरून गेली होती.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग हे टोक जपण्यात अर्थ काय. अर्थ आहे, आणि तो कार्डावर दिसत नाही. १८९० साली अमेरिकेच्या संसदेने चिकमॉगा आणि चॅटनूगाची रणभूमी राष्ट्रीय लष्करी उद्यान म्हणून राखायचा कायदा केला. या प्रकारचं ते पहिलं उद्यान. मागणी केली होती लढलेल्या माणसांनी, आणि दोन्ही बाजूंच्या. म्हातारे होत चाललेले हे लोक एकमेकांना शेताच्या बांधावर नेऊन दाखवत होते, आमची रांग इथे होती, तुमची तोफ तिथून येत होती. त्यांना पुतळे हवेच होते, आणि ते आलेही, शेकड्यांनी. न्यू यॉर्क राज्याने १९१० मध्ये याच टोकावर ९५ फूट उंच शांतिस्तंभ उभारला. त्याच्या माथ्यावर दोन्हीकडचे सैनिक हस्तांदोलन करतात. पण खरं काम झालं ते उतारावर. चॅटनूगात वर्तमानपत्र चालवून पुढे न्यू यॉर्क टाइम्सचा मालक झालेला अॅडॉल्फ ऑक्स आणि त्याच्या घरच्यांमुळे डोंगराच्या अंगाची अडीच हजारांहून जास्त एकर जमीन उद्यानाला मिळाली. तिथे हॉटेल झालं नाही, बंगले झाले नाहीत. क्रेव्हन्सचं घर आजही झाडीत उभं आहे आणि चढाई कुठून झाली ते पायांनी चालून कळतं. ऑक्सच्या नावाने टोकाखाली दगडी संग्रहालय बांधलं आहे, लोक त्याचा फोटो काढतात. उताराचा फोटो कोण काढणार? तो नुसता उतार आहे.

कठड्याच्या हौसेपायी पटांगण कसं जातं, याचा सगळ्यात ठसठशीत नमुना युरोपात आहे. वॉटर्लूच्या लढाईत नेदरलँड्सचा राजपुत्र जिथे जखमी झाला, तिथे राजाने मातीची टेकडी रचून तिच्यावर सिंह बसवला. १८२६ मध्ये काम पुरं झालं. उंची चाळीस मीटरच्या वर, पायऱ्या २२६. वरून रणभूमी छान दिसते. फक्त टेकडीला लागणारी माती आणली कुठून? जमिनीच्या ज्या लांबट, उंच कण्याच्या आडोशाला इंग्रज सेनापती वेलिंग्टनने आपलं सैन्य लपवलं होतं, त्यालाच खरवडून. वॉटर्लूच्या लढाईचा अर्धा अर्थ त्या कण्यात होता. पलीकडे किती माणसं आहेत हे नेपोलियनला दिसत नव्हतं, ते त्या कण्यामुळे. व्हिक्टर ह्यूगोने लिहून ठेवलं आहे की वेलिंग्टन पुढे तिथे आला तेव्हा म्हणाला, माझी रणभूमी बिघडवली यांनी. तो खरंच असं म्हणाला की नाही, देव जाणे. म्हणायला हवं होतं. आज २२६ पायऱ्या चढून प्रवासी जे पाहतो, ते चढण्यासाठीच मोडलेलं आहे.

दुसरा नमुना अमेरिकेच्या त्याच यादवी युद्धातल्या गेटिसबर्गचा, आणि इथे मात्र मला दोन्ही बाजू मान्य कराव्या लागतात. जुलै १८६३ मधल्या तीन दिवसांत तिथे ५०,००० च्या आसपास माणसं कामी आली, जायबंदी झाली किंवा हरवली. १८९०च्या दशकात लष्कर खात्यानेच तिथे पाच पोलादी मनोरे उभे केले. अधिकाऱ्यांना युद्धशास्त्र शिकवायला वरून नकाशासारखी जमीन दिसावी हा हेतू. त्यांतले तीन अजून आहेत, उघडे, सांगाडेवजा, जिने चढून घामाघूम करणारे. मग १९७४ साली एका खासगी उद्योजकाने शेजारच्या खासगी जमिनीवर ३०७ फुटांचा मनोरा उभा केला, तिकीट लावलेला, लिफ्टचा. पेनसिल्व्हेनिया राज्याने त्याला कोर्टात खेचलं होतं. पर्यावरण आणि इतिहासाचं मोल जपण्याचा जनतेचा हक्क राज्यघटनेत नुकताच घातला होता, त्याचा आधार घेतला होता. राज्य हरलं. मनोरा पंचवीसेक वर्षं उभा राहिला. रणभूमीवर कुठेही जा, पुतळ्यांच्या मागे, शेतांच्या वर, कबरस्तानाच्या कडेला तोच दिसे. अखेर केंद्र सरकारने जागा सक्तीने संपादित केली आणि ३ जुलै २०००ला, लढाईच्या शेवटच्या दिवसाच्या तारखेला, सुरुंग लावून तो पाडला. बघायला गर्दी झाली.

पाडलं ते बरं केलं, असं माझं मत. पण मनाला एक खुटखुट आहे. ज्याला गुडघे साथ देत नाहीत, जो चाकाच्या खुर्चीत आहे, त्याला वरून रणभूमी पाहायची सोय त्या लिफ्टने केली होती. जुने तीन मनोरे त्याच्यासाठी नाहीत. जपणुकीचा कैवार घेणारे आपण बहुतेक वेळा धडधाकट पायांचे लोक असतो, आणि 'चालून पाहा' हा आपला आवडता उपदेश असतो. मी वर 'पायांनी चालून कळतं' असं लिहून गेलोच की. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर आहे, पण पुरं नाही. सोय दृश्याच्या आत उभी करायची नाही, कडेला करायची. गाडी जाईल असा रस्ता, बसून पाहता येईल अशी सपाट जागा. लुकआउटवर १८९५ पासून केबलने ओढली जाणारी चढणीची रेल्वे आहे आणि ती डोंगराला फारशी टोचत नाही, कारण ती डोंगराच्या अंगालगत सरपटत जाते.

त्याच गेटिसबर्गात, जमिनीच्या बाजूने, एक निकाल लागला होता. १८९०च्या दशकात एका विद्युत ट्राम कंपनीने रणभूमीतून रूळ टाकायला खडक फोडायला घेतले. सरकारने जमीन घ्यायचं ठरवलं, कंपनी म्हणाली, लढाईची जागा राखणं हा काही सार्वजनिक उपयोग नव्हे. जानेवारी १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने सांगितलं की आहे. शाळा, रस्ता, बंदर यांच्यासाठी जशी जमीन घेता येते, तशी मोकळी जमीन मोकळी ठेवण्यासाठीही घेता येते. त्याचा पुढचा भाग मला फार आवडतो. १९९९ मध्ये उद्यानाने तिथली पाचशेहून अधिक एकरांतली झाडं काढायचा बेत आखला आणि पुढे राबवायला घेतला, कारण १८६३ मध्ये तिथे रान नव्हतं, शेतं होती. रान वाढल्यामुळे कोणाला कोण दिसत होतं हेच कळेनासं झालं होतं. झाडं तोडणं म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. इथे ती नजर मोकळी करायला तोडली. शेतं मात्र तशीच राहिली, आजही ती शेतकऱ्यांना कसायला भाड्याने दिली जातात. रणभूमी राखणं म्हणजे शेतकऱ्याला हाकलणं, असं आपल्याकडे ऐकू येतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. पीक हेच त्या जागेचं मूळ रूप आहे. बांधावर गोदाम आलं तर बिघडतं, ज्वारी आली तर नाही.

आता पुन्हा माझ्या कार्डावरच्या नदीच्या वळणाकडे. त्याचा आकार मोकासिनसारखा, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या कातडी पायताणासारखा, म्हणून नाव मोकासिन बेंड. कार्डावर ते हिरवंगार आणि निर्मनुष्य आहे. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या मुलखातून हाकलून पश्चिमेला नेलं, त्या फरपटीतली एक वाट याच वळणावरून गेली. पुढे तिथे मनोरुग्णालय झालं, गोल्फचं मैदान झालं. २००३ मध्ये कुठे त्या वळणाचा भाग या उद्यानात घेतला गेला, हजारो वर्षांच्या वस्तीची जागा म्हणून. शंभरहून अधिक वर्षं लोक कठड्यावरून ते वळण पाहत होते आणि 'काय देखावा आहे' म्हणत होते. देखाव्याची हीच गोम आहे. आपण काय पाहतो हे ज्याने कठडा बांधला तो ठरवतो.

आणि कधीकधी ज्याला त्या कठड्यावर बरोबरीने उभं राहू दिलं नाही तो ठरवतो. लढाईला शंभर वर्षं होत आली असताना, २८ ऑगस्ट १९६३ला, मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनमध्ये बोलत होते. स्वातंत्र्याचा घोष कुठून कुठून घुमावा याची त्यांनी डोंगरांची यादी दिली, त्यात टेनेसीचा लुकआउट माउंटन आहे. पोस्टकार्डवाल्यांनी जो डोंगर निसर्गदृश्य करून ठेवला होता, तो एका वाक्यात पुन्हा गुलामगिरीच्या युद्धातला डोंगर झाला. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. १ जानेवारी १८१८च्या भीमा कोरेगावच्या लढाईचा जयस्तंभ इंग्रजांनी आपल्या पलटणीच्या शौर्यासाठी उभारला होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्याच दगडाकडे पाहायची जागा बदलली. स्तंभावरच्या नावांतली महार सैनिकांची नावं आधीही तिथेच होती. दोन्हीकडे जागा शाबूत होती म्हणून तिच्याकडे नव्याने पाहता आलं. तिथे मॉल असता तर कुणी कुठे उभं राहिलं असतं?

कोरेगावच्या आधी दोन महिने, ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीची लढाई झाली. आणि आपल्या पुण्याला आपला स्वतःचा कठडा आहे, पर्वती. दुसरा बाजीराव तिथून लढाई पाहत होता, हे पुण्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ज्या झरोक्यातून त्याने पाहिलं तो झरोकाही लोक दाखवतात. या गोष्टीत बाजीरावाची खिल्ली ठरलेली. माणसं मरत असताना हा देवळात बसून बघतोय. खिल्लीच्या पलीकडे मात्र कुणी विचारत नाही की त्याला दिसलं काय असेल. पर्वतीपासून गणेशखिंड-खडकीचं मैदान सहा-सात किलोमीटर. दुर्बीण असली तरी धूळ आणि धूर. बापू गोखल्यांची फौज उतरली, ती मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफला खंभातच्या आखातात भरतीचा लोंढा चढत येतो तशी वाटली. तो लोंढा ज्यावर आपटला ती गोष्ट पर्वतीवरून दिसण्याजोगी नव्हतीच. इंग्रजांच्या रांगेपुढे दलदल होती. भरधाव आलेली घोडी तिच्यात रुतली, एकमेकांवर कोसळली आणि समोरून बंदुका सुरू झाल्या. जिच्यावर मराठी राज्याचा शेवट ठरायला सुरुवात झाली ती जागा म्हणजे चिखलाचा एक पट्टा. लुकआउटवरच्या तोफांची तोंडं खाली वळेनात, तसा पर्वतीवरचा पेशवा त्या चिखलाचं काही करू शकत नव्हता. इंग्रजांकडे मेलेले आणि जखमी मिळून शंभरसुद्धा नव्हते.

आज पर्वतीवर संध्याकाळी जाऊन त्या दिशेला तोंड करा. इमारती. त्यांच्यामागे इमारती. गंमत म्हणजे त्या मैदानाचा जो काही मोकळा तुकडा उरला आहे, तो इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. काही जमीन लष्कराकडे राहिली, काहीवर १८६०च्या दशकात गव्हर्नराचा बंगला बांधायला घेतला आणि त्याचं पुढे विद्यापीठ झालं. जिंकलेल्यांनी जिंकलेल्या मैदानाच्या कुशीत आपलं राजभवन बांधावं, यात आश्चर्य नाही. पण त्या झाडीमुळे तिथे गृहसंकुल झालं नाही, एवढं ऋण आपण मनातल्या मनात मान्य करायला हरकत नाही.

आपला कायदा या बाबतीत कठड्याच्या बाजूचा आहे. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा स्मारक म्हणजे काय ते सांगतो. बांधकाम, थडगं, गुहा, कोरीव शिल्प, शिलालेख, एकाश्म. चिखलाचा पट्टा यांपैकी काहीच नाही. पुरातत्त्वीय स्थळ म्हणून त्याच कायद्यात एक दार उघडं आहे, जिथे जमिनीखाली ऐतिहासिक अवशेष असल्याचं मानायला जागा असेल तिथे. जुन्या रणांगणात गोळ्या, नाल, खोगिराच्या कड्या सापडू शकतात, पण त्या दारातून रणभूमी आत नेण्याचा उत्साह फारसा दिसत नाही. २०१०च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर निर्बंध कायद्यातच घातले. चांगलंच आहे. पण हे वर्तुळ आहे, वास्तू मध्ये ठेवून काढलेलं. नजर वर्तुळात फिरत नाही, ती एका रेषेत लांब जाते. सहा किलोमीटरवरच्या मैदानाला १०० मीटरचं वर्तुळ काय कामाचं?

रेषा राखता येते. लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटाकडे ठरावीक जागांवरून जाणारी नजर अडू नये म्हणून इमारतींच्या उंचीवर १९३७ पासून बंधनं आहेत. ते शहर त्यामुळे गरीब झालं नाही. मी पुण्यातल्या इमारती पाडा म्हणत नाही. पुण्याची रेषा गेली, ती गेली. पण जिथे अजून गेली नाही तिथलं काय? २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हा इंग्रजी नावात 'फोर्ट्स' नव्हे, 'मिलिटरी लँडस्केप्स' हा शब्द होता. वर्तमानपत्रांनी 'बारा किल्ले' असाच मथळा दिला, मीही घरी तसंच सांगितलं. पण तो शब्द नीट घेतला तर अंगावर येतो. साल्हेर जपायचा म्हणजे १६७२ साली त्याच्या पायथ्याच्या मैदानात मोगलांशी झालेली उघडी लढाई जिथे झाली, ते मैदानही जपायचं. प्रतापगड जपायचा म्हणजे खालची जावळी, तिच्यातल्या वाटा, कुठून कोण दिसत होतं आणि कोण दिसत नव्हतं, ते. आदिलशाही फौजेला आपल्याभोवतीची माणसं दिसली नाहीत, यावर १० नोव्हेंबर १६५९ उभा आहे. त्या रानाच्या मधोमध उद्या प्रकाशझोतांचा खेळ आणि काचेचा सज्जा आला, तर येणाऱ्याला गड दिसेल, लढाई दिसायची नाही.

पैसा कुठून, असं विचारलं जाईल. सज्जाला, दगडी कमानीला, ध्वनिप्रकाशाला लागतो तिथूनच. आणि कमी लागेल. जमीन विकत घ्यायचीही सगळीकडे गरज नाही. शेती शेतीच राहील, बिगरशेती होणार नाही, एवढा करार आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दरवर्षी योग्य रक्कम, हे आपल्या व्यवस्थेला जमणार नाही असं नाही. अडचण वेगळी आहे. मोकळ्या जागेचं उद्घाटन करता येत नाही. फीत कशाला बांधणार, कोनशिला कुठे लावणार? काही नाही हेच जिथे जपायचं आहे, तिथे काहीतरी केलं हे दाखवणं भाग पडलेला माणूस गडबडतो. अमेरिकेतही हे असंच होतं, म्हणून तर टोकावर स्तंभ आधी आला आणि उतार मागून.

पर्वतीपुरतं मात्र मला एक बांधकाम चालेल. त्या झरोक्याजवळ कमरेएवढ्या उंचीवर एक पितळी तबकडी, सपाट ठेवलेली, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता येईल अशी. वरपर्यंत ती खुर्ची कशी न्यायची हा प्रश्न आहेच, १०३ पायऱ्या आहेत आणि मी तो सोडवलेला नाही. तबकडीवर बाण कोरलेले. मुळा-मुठेच्या संगमाकडे एक, जिथला इंग्रज रेसिडेंटचा बंगला त्या दिवशी जळला. गणेशखिंडीकडे एक, जिथून फौज उतरली. खडकीकडे एक. आणि त्यांच्यामध्ये एक आखूड बाण, इमारतींच्या गर्दीत कुठेतरी बोट दाखवणारा, त्याच्याखाली एकच शब्द, 'चिखल'.